बंबवाल्यांचा दिवस

दर वर्षी १४ एप्रिलला भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयातल्या स्मारकापाशी फुलं वाहिली जातात. देशभरातल्या अग्निशमन केंद्रांवर जवान मानवंदना देतात आणि पुढे आठवडाभर शाळांत, कारखान्यांत, रुग्णालयांत आगीपासून बचावाची प्रात्यक्षिकं चालतात. हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. सगळा देश तो पाळतो, पण त्याचं मूळ मुंबईच्या गोदीत आहे.

साल १९४४. महायुद्धाचे दिवस. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची मालवाहू बोट फेब्रुवारीत इंग्लंडहून निघाली आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या. कराचीत मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, गंधक, राळ, लाकूड भरलं गेलं. पेट घेणारं आणि फुटणारं एकाच बोटीत आलं. असला धोक्याचा माल वाहणाऱ्या बोटीने लाल बावटा लावायचा असतो. या बोटीवर तो नव्हता.

१४ तारखेला, शुक्रवारी, माल उतरवणं चालू असतानाच दोन नंबरच्या खणातून धूर निघू लागला. दुपारी दोनच्या सुमारास आगीची ओरड झाली आणि बंब धावत आले. बंबवाल्यांनी खणात ९०० टनांहून जास्त पाणी सोडलं. पण दाट धुरात आगीचं मूळ सापडेना. पाण्याची पातळी वाढली तशा जळत्या गाठी तरंगत दारूगोळ्याच्या दिशेने वर सरकल्या. बोट जागच्या जागी बुडवावी की गोदीबाहेर न्यावी, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. तोवर पाईप धरून उभी होती ती आगीवर पाठवलेली माणसं.

४ वाजून ६ मिनिटांनी बोट फुटली. अर्ध्या तासानंतर दुसरा स्फोट झाला. हादऱ्याची नोंद शिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मुंबईत अनेकांना जपानने हल्ला केला असंच वाटलं. गोदीतल्या बोटी बुडाल्या, गोदामं आणि लगतची वस्ती पेटली. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ ही तारीख देशाने घेतली.

मेलेल्यांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. आकडा पक्का नाही याचं एक कारण असं असावं: पाठीवर पोती वाहणारे, रोजावर आलेले कितीतरी गोदीकामगार कुठल्याच यादीत नसतील. बंबवाल्यांची मोजदाद झाली, हमालांची तशी पक्की झाली नाही. म्हणून हा दिवस त्यांचाही मानला पाहिजे. त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती येते, आणि १९४४ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याचकडे होतं. कष्टकऱ्याच्या जिवाची जबाबदारी राज्यावर आहे, हा विचार या तारखेशी दोन वाटांनी येऊन मिळतो.

कामावर जीव गमावलेल्या कामगारांसाठी जगात २८ एप्रिल पाळतात. ती प्रथा १९८४ साली कॅनडातल्या कामगार संघटनांनी सुरू केली. त्याच तारखेला १९१४ साली तिथल्या ओंटारिओ प्रांताने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा संमत केला होता. तिथली तारीख कामगाराला मिळालेल्या हक्कातून आली, आपली राखेतून आली.

व्हिक्टोरिया गोदीत शौर्य कमी पडलं नाही. कमी पडली ती आधीची काळजी: काय कशावर रचावं, धोक्याची खूण कुठे लावावी, निर्णय कुणी आणि कधी घ्यावा. हीच चूक आजही कारखान्यात रसायनांच्या पिंपांवर चिठ्ठी नसते तेव्हा होते, इमारतीच्या जिन्यात सामान रचलेलं असतं तेव्हा होते. येत्या १४ एप्रिलला फुलं वाहाच. पण आपल्या कामाच्या जागी कुठे काय ठेवलंय याची यादी करून दारात लावा, जिने मोकळे करा. आणि कधी बंब आलाच, तर त्यातून उतरणाऱ्या माणसाला आत काय आहे ते सगळ्यात आधी सांगा.