आतड्यातील दाहाचे गणिती प्रतिमान

आतड्यातील दाहाचे गणिती प्रतिमान म्हणजे आतड्यातील जीवाणू, त्यांनी निर्माण केलेली द्रव्ये आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा यांचे परस्परसंबंध समीकरणांच्या रूपात मांडण्याची पद्धत होय. क्रोन व्याधी आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह या दीर्घकालीन विकारांत दाह काही काळ शमतो आणि पुन्हा उफाळतो. या चढउतारांची कारणे शोधण्यासाठी अशी प्रतिमाने उपयोगी पडतात. त्यांत ब्युटिरेट या जीवाणुजन्य द्रव्याला विशेष महत्त्व आहे.

ब्युटिरेटचे कार्य

धान्यांचा कोंडा, कडधान्ये, भाज्या इत्यादींमधील तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याचे किण्वन करतात व त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही द्रव्ये तयार होतात. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा ब्युटिरेट बनवणारा एक प्रमुख जीवाणू असून क्रोन व्याधीच्या अनेक रुग्णांत त्याचे प्रमाण घटलेले आढळते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून मिळते. ते वापरताना या पेशी ऑक्सिजन खर्च करतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा झिरपत नाही. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या निर्मितीसही ब्युटिरेट साहाय्य करते.

प्रतिमानाची रचना

साध्या प्रतिमानात तीन चल राशी धरता येतात: उपयुक्त जीवाणूंची संख्या, ब्युटिरेटचे प्रमाण आणि दाहाची तीव्रता. प्रत्येक राशीसाठी एक अवकल समीकरण लिहितात. उदा.,

ब्युटिरेटमधील बदलाचा दर = जीवाणूंकडून निर्मिती − पेशींकडून शोषण − मलावाटे निचरा

जीवाणूंच्या वाढीसाठी फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांचे समीकरण वापरले जाते. त्यानुसार अन्नपुरवठ्याबरोबर वाढीचा दर वाढतो, परंतु एका कमाल मर्यादेपलीकडे जात नाही.

निष्कर्ष

अस्तरातील पेशींचे कार्य दाहामुळे बिघडले की ऑक्सिजन पोकळीत झिरपतो, तो सहन न होणारे ब्युटिरेटनिर्माते जीवाणू घटतात आणि ब्युटिरेट कमी पडून दाह आणखी वाढतो. हे दुष्टचक्र पुरेसे प्रबळ असल्यास समीकरणांतून निरोगी व दाहयुक्त अशा दोन स्थिर अवस्था निघतात. त्यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. किरकोळ बिघाडानंतर आतडे पूर्वस्थितीला येते. मात्र संसर्ग किंवा प्रतिजैविके यांमुळे उंबरठा ओलांडला गेल्यास मूळ कारण दूर होऊनही दाह टिकून राहतो. अशा वेळी ब्युटिरेटचे प्रमाण केवळ पूर्वीइतके करणे पुरत नाही, काही काळ त्याहून अधिक पुरवठा लागतो. ब्युटिरेटच्या उपचाराचा काही रुग्णांना लाभ होतो व काहींना होत नाही, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण यातून मिळते.

मर्यादा

समीकरणांतील स्थिरांक व्यक्तिपरत्वे बदलतात आणि त्यांचे थेट मापन अवघड असते. तयार झालेले बहुतांश ब्युटिरेट आतड्यातच शोषले जात असल्याने मलातील प्रमाणावरून त्याच्या निर्मितीचा नेमका अंदाज येत नाही. त्यामुळे प्रतिमानाचा निष्कर्ष हे अनुमान ठरते. प्रयोग व रुग्णांवरील चाचण्या यांनी पडताळल्याविना त्यावरून उपचार ठरवता येत नाहीत.