मुक्तीचे व्याकरण : नेपल्स १९४३-४४ आणि स्त्रीदेहाचे रूपक

‘मुक्त करणे’ हे क्रियापद सकर्मक आहे. मुक्त करणारा आणि मुक्त होणारा अशी विभागणी त्यात गृहीतच असते. दोस्त राष्ट्रांच्या फौजा १ ऑक्टोबर १९४३ रोजी नेपल्समध्ये शिरल्या, तेव्हा २७ ते ३० सप्टेंबरच्या उठावाने शहराने जर्मन सैन्याला आधीच माघार घ्यायला लावली होती. त्या उठावात स्त्रियांचाही सहभाग होता. मुक्तीचे कर्तेपण मात्र नंतर आलेल्या सैनिकाकडे गेले, आणि त्यानंतरच्या वाङ्मयात नेपल्सची स्त्री उरली ती केवळ कर्म म्हणून.

या स्थित्यंतराला आर्थिक अधिष्ठान होते. लष्करी प्रशासनाने एका डॉलरला १०० लिरा असा विनिमयदर ठरवला. त्यामुळे परकीय शिपायाची क्रयशक्ती अवाजवी वाढली, भाव कडाडले, अन्न काळ्या बाजारात गेले. जेथे भाकरीच सैनिकाच्या हातून येत होती, तेथे प्रेम, विवाह आणि सौदा यांतील सीमारेषा पुसट होणे अपरिहार्य होते. संमती होती, पण ती भुकेच्या चौकटीतली संमती होती.

ही चौकट नजरेआड झाली की स्त्रीचे रूपक होते. कुर्त्सिओ मालापार्ते यांच्या ‘ला पेल्ले’ (१९४९) या कादंबरीत पैसे मोजून सैनिकांना दाखवल्या जाणाऱ्या कुमारिकेचे प्रकरण येते. तेथे तिचा देह पराभूत युरोपच्या अधःपाताचे चिन्ह ठरतो. तिचे स्वतःचे म्हणणे संहितेत येत नाही. नॉर्मन लुईस यांच्या ‘नेपल्स ४४’ (१९७८) या दैनंदिनीचा सूर संयत आणि सहानुभूतीचा आहे. पण निवेदक ब्रिटिश गुप्तवार्ता विभागातील आहे, आणि ब्रिटिश सैनिकांशी विवाह करू इच्छिणाऱ्या मुलींची चौकशी करणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. सुमारे १,५०,००० स्त्रियांपैकी ४२,००० देहविक्रयात गुंतल्याचा तेथे नोंदलेला अंदाजही अशाच प्रशासकीय दृष्टीचा आहे. स्त्रिया मोजल्या जातात. भूक मोजली जात नाही.

आल्बेर्तो मोराव्हिया यांची ‘ला चोचारा’ (१९५७) या परंपरेला छेद देते. येथे चेझिरा स्वतः बोलते. तिच्या मुलीवर चर्चमध्ये अत्याचार होतो, तो शत्रूकडून नव्हे, तर मुक्तिदात्या फौजेतील मोरोक्कन सैनिकांकडून. मे १९४४ मध्ये कासिनोची आघाडी फुटल्यावर फ्रेंच सैन्यदलातील वसाहतींच्या तुकड्यांनी चोचारिया प्रदेशात केलेल्या अत्याचारांचा संदर्भ या प्रसंगामागे आहे. मोरोक्कोला स्वातंत्र्य मिळाले १९५६ मध्ये. म्हणजे हा ‘मुक्तिदाता’ स्वतःच पराधीन होता. त्याने गुन्हा सौम्य होत नाही. परंतु दोष केवळ ‘काळ्या परकीया’वर ढकलून त्याला पाठवणाऱ्या साम्राज्याला मोकळे सोडणारे वाचन वंशवादी ठरते.

मोराव्हियांनी स्त्रीला आवाज दिला, तरी लेखणी पुरुषाचीच राहिली. मात्र कादंबरीच्या पाच वर्षे आधी, एप्रिल १९५२ मध्ये, कम्युनिस्ट प्रतिनिधी मारिया माद्दालेना रॉस्सी यांनी इटालियन संसदेत या स्त्रियांच्या भरपाईचा प्रश्न मांडला होता. तेथे त्या राष्ट्राच्या लज्जेचे प्रतीक नव्हत्या. हक्क मागणाऱ्या नागरिक होत्या. युद्धवाङ्मयाच्या समीक्षेने ही नोंद कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचली, तर रूपकाने काय झाकले ते दिसू लागते.