फौजेची फूटपट्टी

भरतीला आलेल्या तरुणाची उंची, छाती, दात, डोळे तपासतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ही परीक्षा त्या एकट्या तरुणाची, असे आपण धरून चालतो. परंतु इंग्लंडात एकदा या फूटपट्टीने साऱ्या राष्ट्राचीच परीक्षा घेतली. ती हकीकत आज आपण पाहू.

१८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. गिरण्यांच्या शहरांतून तरुण भरतीला लोटले. पण त्यांतले कितीतरी जण परत पाठवावे लागले. कुणाची छाती मापात बसेना, कुणाचे दात किडलेले, कुणाचे हृदय अशक्त. १९०२ साली मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी लिहिले, की भरतीस येणाऱ्या ५ जणांपैकी दोन वर्षांअखेर कामाचे शिपाई अवघे २ उरतात. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्या घरातला हा अंधार!

'आमचा वंशच खालावला,' अशी ओरड झाली. सरकारने समिती नेमली. १९०४ च्या अहवालात तिने सांगितले, की वंश खालावल्याचा पुरावा नाही. दोष आहे तो दाटीच्या वस्तीचा, कोंदट हवेचा, निकृष्ट अन्नाचा. वास्तविक सीबोम राउंट्री यांनी १९०१ मध्येच दाखवून दिले होते, की यॉर्क शहरात चौथाईहून अधिक लोक दारिद्र्यात आहेत. पुढे १९०६ च्या कायद्याने शाळकरी मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतून वैद्यकीय तपासणी आली.

आता फूटपट्टीचा लवचिकपणाही पाहा. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा किमान उंची ५ फूट ३ इंच होती. पण माणसे हवी होती. त्याच वर्षी बर्कनहेड येथे ५ फुटांपासून ५ फूट ३ इंचांपर्यंतच्या तरुणांची 'बँटम' पलटण उभी राहिली. त्यांत खाणकामगार पुष्कळ होते. कालचे नापास आज खंदकात उभे राहिले.

बंदूक धरायला हात कमी पडले, तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना उपाशी पोर दिसले. त्या पोराच्या पोटी घास पडला, याचा आनंद आपण मानूच. पण त्याची भूक दिसायला रणभेरी वाजावी लागली, याची खंतही मनात राहू द्यावी. आपल्या गावातल्या मुलांची छाती मोजण्यासाठी आपण भरतीच्या मेजाची वाट पाहणार आहोत काय?