तमालपत्र : शब्द आणि वस्तु

वैद्यकाचीं जुनीं बाडें वाचणारांस ‘पत्र’ हा शब्द पदोपदीं भेटतो. चूर्ण, अवलेह, घृत यांच्या पाठांत ‘त्वक्’ व ‘एला’ यांच्या शेजारीं तो येतो, आणि नवशिका सूचीकार ‘कोणतें तरी पान’ असा अर्थ करून पुढें जातो. किंवा त्या जागीं कवींचा तमालवृक्ष आणून बसवितो. औषधाच्या पाठांत शब्द चुकला म्हणजे द्रव्य चुकतें. म्हणून या शब्दाचा निर्णय आम्ही येथें संक्षेपानें करूं इच्छितों.

प्रथम वृक्षभेद. अमरकोशांतील तमाल वनौषधिवर्गांत येतो. कालस्कंध व तापिच्छ हे त्याचे पर्याय होत. गीतगोविंदाच्या आरंभीं वनभूमि ज्यांच्या दाटीनें काळवंडल्याचें वर्णन आहे ते हेच वृक्ष. आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञ तमालास सामान्यतः कोकणांतील रातांब्याच्या गणांत घालतात. त्याच्या पानांस मसाल्याचा सुवास नाहीं. त्याच कोशाच्या मनुष्यवर्गांत ‘तमालपत्र’ हा शब्द पुन्हां येतो, पण तेथें तो कपाळावरील तिलकाचा वाचक आहे. वैद्यांचें तमालपत्र या दोहोंहून भिन्न. तें दालचिनीच्या गणांतील एका झाडाचें पान असून, तें झाड हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत व खासी टेकड्यांत होतें. देंठाकडून टोंकाकडे गेलेल्या तीन ठळक शिरांवरून तें पान ओळखावें. यूरोपांतील लॉरेलच्या पानास मधोमध एकच मुख्य शीर असते.

निघंटूंचा अभिप्राय स्पष्ट आहे. पान या अर्थाचे सर्व शब्द या द्रव्याचीं नांवें होत, असें भावप्रकाशांत सांगितलें आहे. त्यामुळें छंदाच्या सोयीसाठीं ‘दल’ किंवा ‘छद’ आला तरी वाचकानें गोंधळूं नये. दालचिनी, वेलदोडा व तमालपत्र मिळून त्रिजात. त्यांत नागकेशर मिळविलें कीं चतुर्जात. चरकसंहितेंतील च्यवनप्राशाच्या पाठांत, शेवटीं मिसळावयाच्या द्रव्यांत तुगाक्षीरी ४ पलें, पिप्पली २ पलें आणि त्वक्, एला, पत्र व केशर यांचें १ पल सांगितलें आहे. येथें ‘पत्र’ म्हणजे जसें वाटेल तें पान नव्हे, तसेंच ‘केशर’ म्हणजे काश्मिरी कुंकुमकेशर नव्हे, तर नागकेशर होय. चतुर्जाताची परिभाषा ठाऊक असेल त्यासच हें स्थळ नीट लागतें.

गुणांविषयीं भावप्रकाश म्हणतो कीं, हें द्रव्य उष्ण, लघु व किंचित् तीक्ष्ण असून कफ, वात, अर्श, मळमळ, अरुचि व पीनस यांवर उपयोगी आहे. अलीकडील पृथक्करणांत या पानाच्या सुगंधि तैलांत लवंगेंतील युजेनॉल आणि दालचिनींतील सिनॅमाल्डिहाइड हीं आढळलीं असून, प्रदेशपरत्वें त्यांचें प्रमाण बदलतें. मसालेभातांत वा गोड्या मसाल्यांत हें पान घालण्याची आपली चाल अरुचीवरील गुणाशीं जुळते. मधुमेहावरील औषध म्हणून हल्लीं याची जी प्रसिद्धि होते, तीस मात्र वरील यादींत आधार नाहीं.

आतां या शब्दाचा प्रवास पाहूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत ‘मलाबाथ्रोन’ नांवाचें पान मलबारच्या बंदरांतून व गंगेच्या मुखाकडून परदेशीं जात असल्याचें नमूद आहे. त्याच्या गोळ्यांच्या तीन प्रतीही तेथें दिल्या आहेत. ‘तमालपत्र’ यांतील आद्य ‘त’ हें आपल्या भाषेंतील अनेकवचनी उपपद समजून ग्रीकांनीं गाळलें असावें, असें विद्वान् मानतात. शब्द पोहोंचला, पण वस्तूचें ज्ञान पोहोंचलें नाहीं. डायोस्कोरिडीस हा वैद्य लिहितो कीं, हें पान हिंदुस्थानांतील दलदलींत मुळाशिवाय पाण्यावर तरंगतें! या समजुतीचें खंडन गोव्यांत झालें. इ. स. १५३४ त आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें इ. स. १५६३ त गोव्यासच छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत तें नाकारलें, आणि मलाबाथ्रम हा तमालपत्राचाच अपभ्रंश असल्याचें दाखविलें.

उत्तरेकडे ‘तेजपात’ हें नांव रूढ झालें. मराठीनें मात्र तो जुना शब्द अखंड राखला. तेव्हां संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, त्वक् व एला यांच्या सोबतीस ‘पत्र’ दिसल्यास सूचींत तमालपत्र लिहावें, ‘तालीसपत्र’ असल्यास तें निराळें द्रव्य म्हणून वेगळें ठेवावें, आणि मूळ पाठांतील अक्षर कोणत्याही कारणानें बदलूं नये.