ताप उतरला, मग शक्ती कोठे गेली?

“या खेपेस पाककृती नको, काही इतिहासाचे लिहा,” असा आमच्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट माझ्या आजीच्या काळापर्यंत जाऊन पोहोचले. तोच प्रवास भगिनींपुढे मांडते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मला तो आजार झाला. आठ दिवसांत ताप उतरला. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण मी कोठे बरी झाले होते? एक जिना चढले की पलंग गाठावा लागे. तिसरी पोळी लाटताना हात गळून जाई. भाजीत मीठ घातले की नाही, हेही आठवेना. महिना गेला, तीन महिने गेले. भेटावयास येणारी प्रत्येक जण मायेने एकेक बाटली आणी. कोणी जस्ताच्या गोळ्या आणल्या, कोणी ‘क’ जीवनसत्त्वाच्या, कोणी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या. फडताळात सात बाटल्या झाल्या आणि अंगात मात्र तोच थकवा. “आता ताप नाही, मग अशी बसून का राहतेस?” हा प्रश्नही घरात निघू लागला. तेव्हा मला आजी आठवली.

१९१८ साली आजी अठरा वर्षांची, नुकतीच सासरी आलेली होती. त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा शिरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावल्याची नोंद आहे. त्याच वर्षी पाऊस फसलेला, धान्य महागलेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली असे अभ्यासक मानतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली. आपल्या देशात त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. एक कारण असे सांगतात की, आजाऱ्यांची उस्तवार त्यांनीच करावयाची आणि सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले त्यांनीच खावयाचे. हे कारण पटावयास आपणांपैकी कोणास पुराव्याची गरज आहे?

आजीची जाऊ त्या तापात गेली. चूल पेटविणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून आजी चौथ्या दिवशी उठली. पुढे कित्येक महिने ती पाण्याची घागर घेऊन येताना वाटेत दोनदा बसे. सासरी तिला ‘कामचुकार’ हे नाव पडले. म्हातारपणी ती म्हणे, “ताप गेला ग, पण माझी मी परत आले ती दोन वर्षांनी.” त्या काळी लोकांच्या हाती होते काय? सर्रास क्विनीन घेत. ते हिवतापाचे औषध, इन्फ्लुएंझावर त्याचा उपयोग नव्हता. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणूच मुळी १९३३ साली हाती लागला.

आता शक्तीच्या औषधांची गोष्ट. ‘व्हिटॅमिन’ या शब्दाचे मूळ रूप कॅसिमिर फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रचारात आणले. पण आपणां स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाची कथा मुंबईत घडली. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन संस्थेत येऊन दाखल झाल्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामकरी स्त्रियांना एक विशेष प्रकारचा पंडुरोग होई. चेहरा पांढराफटक पडे आणि कित्येकींचा त्यात अंतही होई. बाईंनी या स्त्रिया काय खातात ते पाहिले. ज्यांच्या ताटात भाजीपाला व फळे नाहीत, त्यांना रोग अधिक. मग तसाच आहार त्यांनी उंदरांना देऊन पाहिला. शेवटी गुण आला तो यीस्टच्या एका स्वस्त अर्काने, ज्याला विलायतेत मार्माइट म्हणतात आणि जो लोक पावाला लावून खातात! १९३१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्यातील गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज गरोदर स्त्रीला जी बारीक गोळी देतात, तिचे माहेर असे परळात आहे.

या कथेचे मर्म मला फार उशिरा कळले. अर्काने गुण आला, कारण त्या स्त्रियांच्या अंगात त्या द्रव्याची उणीव होती. बाईंनी आधी उणीव शोधली, मग ती भरून काढली. आम्ही मात्र उणीव न पाहताच बाटली उघडतो.

दुसरे उदाहरण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. तेथील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक आजारी पडले. ‘चिकुनगुन्या’ हा आफ्रिकेतील माकोंडे भाषेचा शब्द. दुखण्याने माणूस वाकून जातो, असा त्याचा भाव. २००६ मध्ये तो आजार महाराष्ट्रात पुन्हा फैलावला, तेव्हा ताप चार दिवसांत गेला, पण सांधे महिनोन् महिने धरून राहिले, हे आपल्यापैकी अनेकींनी भोगले आहे. तात्पर्य, विषाणू गेल्यावरही दुखणे रेंगाळते, ही काही करोनाची नवी चाल नव्हे. नवे इतकेच की, ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्या ठरविली: आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने उलगडत नाहीत अशी लक्षणे. आजीच्या थकव्याला शंभर वर्षांनी नाव मिळाले.

मग त्यावर बाटलीतील औषध आहे काय? करोना झालेल्या २१४ जणांवर अमेरिकेत केलेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. जस्त व ‘क’ जीवनसत्त्व भरपूर देऊनही लक्षणे लवकर गेली नाहीत. डेन्मार्कमध्ये रेंगाळलेल्या दुखण्यावर कोएन्झाइम क्यू-१० देऊन पाहिले. नुसत्या दिखाऊ गोळीहून ते सरस ठरले नाही. हाँगकाँगमध्ये मात्र चारशेहून अधिक रुग्णांना आतड्यांतील हितकर जंतूंचे मिश्रण सहा महिने दिले, तेव्हा थकवा व विसराळूपणा काहींचा कमी झाला. ही आशेची खूण खरी. परंतु एका चाचणीवरून रामबाण उपाय ठरत नाही.

उलट अति घेण्याने अपायच होतो. ‘ड’ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते. फार झाले तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो. आठवड्याला एक घ्यावयाची साठ हजार युनिटांची पुडी काही जणी चुकून रोज घेतात. मीही चार दिवस घेतली होती! जस्त दीर्घकाळ जास्त घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते. ‘ब-६’ अति झाल्यास हातापायांना मुंग्या येतात.

शेवटी एका शहाण्या डॉक्टरीणबाईंनी माझे रक्त तपासले. लोह आणि ‘ब-१२’ दोन्ही कमी निघाले. सातांपैकी पाच बाटल्या फडताळातून गेल्या, या दोन उणिवांची औषधे आली. जेवणाबरोबरचा चहा सुटला, वरणावर लिंबू आले, कारण लिंबाने अन्नातील लोह अंगी लागते आणि चहाने अडते. सकाळी अळिवाची खीर, रात्री मुगाचे कढण. दोन महिन्यांत धाप कमी झाली. पण सारा थकवा गेला असे म्हणेन तर ते खोटे होईल. उरलेला गेला तो शक्तीचा हिशेब ठेवल्याने. बरे वाटले त्या दिवशी सारे घर आवरावयास घेतले की पुढचे तीन दिवस अंथरुणात जात. म्हणून अर्धे काम, मग विश्रांती, असा नेम केला. त्याला वर्षाहून अधिक काळ लागला.

भगिनींनो, आजारातून उठलेल्या मैत्रिणीकडे जाताना बाटली अवश्य न्या, पण आधी “रक्त तपासलेस का?” हे विचारा. आणि त्याहूनही आधी, ती थकले म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवा. माझ्या आजीला ते औषध कोणी दिले नाही. ते देण्यास आपल्या मंडळाला काहीही खर्च येणार नाही.