घाटकोपरच्या रांगेतला जनरल

तुम्ही घाटकोपरला उतरता तेव्हा १९७१ चा मार्च नुकताच लागलेला असतो. डोक्यावरून मेट्रो जात नाही. भिंतींवर गाय-वासरू रंगवलेले आहे आणि खाली दोनच शब्द : गरिबी हटाव. मुंबईत दूरदर्शन यायला अजून दीड वर्ष आहे, त्यामुळे निवडणूक सगळी रस्त्यावर चालते. भोंगे, पत्रके, चहाच्या टपरीवरचा ट्रान्झिस्टर.

आग्रा रोडकडून एक जीप हळूहळू येते. त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणायची सवय तुमची, इथल्या लोकांची नव्हे. जीपमध्ये सत्तरी ओलांडलेला एक माणूस ताठ उभा आहे. अंगावर साधे कपडे आहेत, पण खांदे अजून वर्दीतलेच. गर्दी भोंग्याकडे न बघता त्या खांद्यांकडे बघते.

हे जनरल करिअप्पा. १५ जानेवारी १९४९ ला जनरल रॉय बुचर यांच्याकडून भारतीय सेनेची सूत्रे घेणारे पहिले भारतीय सरसेनापती. दर वर्षी तुम्ही ज्या दिवशी सेनादिनाचे संचलन बघता, तो दिवस त्यांचा. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले, ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त होऊन आले, आणि आता ईशान्य मुंबईतून लोकसभेसाठी अपक्ष उभे आहेत. पाठिंबा शिवसेनेचा.

जीपच्या मागे घोषणा देत पळणारी पोरे नीट बघा. वीस-बावीस वर्षांची, कोणी टर्नर, कोणी अजून बेकार. गेली चार-पाच वर्षे यांनी दक्षिणेकडून आलेल्यांविरुद्ध घसा फोडला आहे. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९६९ मध्ये, बेळगावच्या प्रश्नावर मुंबई पेटली होती आणि बाळासाहेब ठाकरे तुरुंगात गेले होते. भांडण म्हैसूर राज्याशी. आणि आज ही पोरे ज्यांचा जयजयकार करताहेत ते गृहस्थ त्याच म्हैसूर राज्यातल्या कोडगूचे. मराठी त्यांना येत नाही, हिंदीही साहेबी वळणाची. तुम्ही एकाला बाजूला घेऊन विचारता. तो चिडत नाही. ‘सेनापतीला कुठलं आलंय राज्य?’ म्हणतो आणि पुन्हा जीपमागे धावतो. मला हे उत्तर उडवून लावता येत नाही. त्या पोराच्या मनात वर्दीची जागा प्रांताच्याही वर होती, आणि ती त्याला कोणी शिकवावी लागली नव्हती.

मतदारसंघही साधा नाही. १९६२ च्या चीनयुद्धातल्या पराभवानंतर संरक्षणमंत्रिपद गेलेले कृष्ण मेनन १९६७ मध्ये इथूनच अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. थोड्याच दिवसांत बर्वे गेले, पोटनिवडणूक लागली, आणि मेनन बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडूनही हरले. संरक्षणमंत्र्याला दोनदा घरी पाठवणाऱ्या या मतदारांपुढे आता माजी सरसेनापती हात जोडून उभे आहेत.

टपरीपाशी एक वॉचमन उभा आहे. सातारकडचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला, आता भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर. जीप समोर येते तशा त्याच्या टाचा आपोआप जुळतात, हात कपाळाशी जातो. जनरल क्षणभर त्याच्याकडे बघतात आणि सलामी घेतात. नमस्कार करत नाहीत, सलामीच घेतात. वॉचमनचे डोळे भरून येतात. ‘पासष्टच्या लढाईत पोरगं पाकिस्तानच्या हातात सापडलं यांचं,’ तो तुम्हाला सांगतो. ‘अय्यूबखान सोडतो म्हणाला. साहेब म्हणाले, सगळे कैदी माझीच पोरं, याला येगळं काय बी नको.’ हे खरे आहे. अय्यूब फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली होते आणि जुनी ओळख त्यांनी ठेवली होती.

पण वॉचमनला माहीत नसलेली एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. १९५८ मध्ये याच अय्यूबखानांनी सत्ता घेतली तेव्हा करिअप्पांनी त्या लष्करी राजवटीचे जाहीर कौतुक केले होते. देशाला शिस्त हवी, ती सैनिकच लावू शकतो, असे त्यांना मनापासून वाटे. पुढे जानेवारी १९६५ मध्ये अय्यूब अध्यक्षपदाच्या निवडणुकीलाही उभे राहिले, फातिमा जिनांविरुद्ध. मतदार होते ८० हजार, साऱ्या देशातून निवडलेले, आणि निवडणूक घेणारी सत्ता अय्यूब यांचीच. करिअप्पांपुढे मात्र घाटकोपरची ही रांग आहे.

तुम्ही मुलुंडची लोकल पकडता. विक्रोळी, कांजूर, भांडुप. नाहूर स्टेशन अजून झालेले नाही. भांडुप सुटताना खाली सांधा बदलल्याचा खडखडाट होतो आणि गाडी दुसऱ्याच रुळावर जाते.

या रुळावर जनरल जिंकले आहेत. डिसेंबरात युद्ध होते, ढाक्यात शरणागती होते, सैनिकाविषयीची माया घराघरांत उतू जाते. १९७४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक येते. हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर विरोधकांच्या बळावर कोणीच निवडून येऊ शकत नाही. खासदार-आमदारांची मते इंदिराबाईंच्या मुठीत आहेत. तेव्हा समजा, युद्ध जिंकलेल्या देशाला वर्दीतला राष्ट्रपती शोभेल, असे त्यांनाच वाटले. फक्रुद्दीन अली अहमद यांच्याऐवजी करिअप्पा राष्ट्रपती भवनात जातात. सेनादलांचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती असतात, हे राज्यघटनेतले वाक्य अचानक अक्षरशः खरे होते.

२५ जून १९७५ ची रात्र. तुम्ही राष्ट्रपतींच्या मेजाजवळ उभे आहात. संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायणांनी पोलीस आणि सैन्याला बेकायदा हुकूम पाळू नका असे सांगितले आहे. आता मध्यरात्रीला थोडा वेळ उरला असताना आणीबाणीचा कागद येतो. कलम ३५२, अंतर्गत अशांतता. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नाही, ती होईल सकाळी सहाला, सही झाल्यानंतर.

म्हातारे जनरल चष्मा लावतात. कागद दोनदा वाचतात.

इथे मी तुम्हाला पुढे नेऊ शकत नाही. त्यांच्यातल्या एका माणसाला मी ओळखतो : बैठक न घेता काढलेला हुकूम हातात आला की तो विचारील, हा कोणत्या मार्गाने आला? आणि दुसऱ्यालाही ओळखतो, १९५८ च्या अय्यूबखानांचे कौतुक करणाऱ्याला. पेन कोण उचलेल?

सही होईल की नाही, यापेक्षा मला वेगळीच भीती वाटते. अहमद यांची सही ही एका राजकारण्याची सही होती. १९७७ मध्ये लोकांना ती नाकारता आली. करिअप्पांनी सही केली असती तर सातारच्या घरांतले म्हातारे म्हणाले असते, साहेबांनी केलंय म्हणजे बरोबरच असेल. नसती केली, तर छावण्यांमधल्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न पडला असता : ऐकायचे कोणाचे, सरकारचे की आपल्या पहिल्या सरसेनापतीचे? जयप्रकाशांच्या त्या वाक्याला त्या रात्री वेगळाच अर्थ आला असता. आपल्या सेनेला आजवर असा प्रश्न पडू दिला गेला नाही. शेजारी देशात तो पुन्हा पुन्हा पडला.

खडखडाट होतो. तुम्ही परत १९७१ मध्ये, मतदानाच्या दिवशी पंतनगरच्या एका शाळेत आहात. या खऱ्या रुळावर जनरल हरणार आहेत. काँग्रेसचे राजाराम कुलकर्णी जिंकतील. जनरल मडिकेरीला आपल्या घरी परततील, १९८६ मध्ये फील्ड मार्शल होतील आणि १९९३ मध्ये जातील. हरल्यावर त्यांनी काय केले, तर निकाल मानला. ज्यांच्या एका शब्दावर पलटणी हलत, त्या माणसाने घाटकोपर-मुलुंडच्या कामगारांपुढे हात जोडले आणि ते नाही म्हणाले तेव्हा घर गाठले. मला त्यांचा हा पराभव त्यांच्या लष्करी कामगिरीइतकाच मोठा वाटतो.

रांगेत तो वॉचमन आहे. रात्रपाळी करून थेट आलाय. त्याच्या पुढे भाजीवाली, मागे रबराच्या कारखान्यातला पोरगा. बोटाला शाई लागते, तो कागद घेऊन आडोशाला जातो आणि थोड्या वेळाने घडी पेटीत टाकून बाहेर येतो.

‘साहेबांना दिलंत?’ तुम्ही विचारता.

तो हसतो. ‘साहेबांना सलाम केला की परवा.’ शाईचे बोट शर्टाला पुसायला जातो, थांबतो, आणि ते तसेच ओले धरून आग्रा रोडकडे चालू लागतो.