गोळ्या मोजणारी परिचारिका : प्रतिजैविके, क्षयरोग आणि १९५६चे मद्रास

१/१५
११ डिसेंबर १९४५. नोबेल व्याख्यानाच्या अखेरीस अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच जंतू पुढे पत्नीला ग्रासतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. दोष कुणाचा? फ्लेमिंग यांच्या मते, त्या पतीचा.

२/१५
या निवाड्यात एक प्रश्न विचारलाच गेला नाही : औषध किती व कुठवर घ्यायचे, हे त्या गृहस्थाला कुणी समजावून सांगितले होते? त्या काळी पेनिसिलिन प्रामुख्याने रुग्णालयात, सुईवाटे दिले जाई. ते शरीरातून झपाट्याने बाहेर पडे, म्हणून दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, परिचारिकेला टोचावे लागे. मात्रा पूर्ण होण्याची हमी म्हणजे तिचे जागरण. औषध घरी जाऊ लागले तेव्हा ही हमी कुणी द्यायची?

३/१५
हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो क्षयरोगात. १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ क्षयरुग्णांवर त्याची चाचणी घेतली. सहा महिन्यांत, केवळ विश्रांती दिलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ मरण पावले. विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिनही मिळालेल्या ५५पैकी अवघे ४. १९४८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

४/१५
आनंद टिकला नाही. पाच वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा विश्रांतीच्या गटातले ३५ आणि औषधाच्या गटातले ३२ रुग्ण दगावलेले होते. जंतू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. उपाय सापडला तो जोडीचा : पी.ए.एस. हे दुसरे औषध सोबत दिले की प्रतिरोध पुष्कळ कमी होतो. १९५२मध्ये आयसोनायझिड आले. ते स्वस्त आणि प्रभावी होते, शिवाय तोंडाने घेता येई.

५/१५
या औषधांना किंमतही होती. स्ट्रेप्टोमायसिनने काही रुग्णांची श्रवणशक्ती जाई, तोल जाई. रोज ते हाताळणाऱ्या परिचारिकांपैकी काहींच्या हातांवर त्वचादाह उठे. पी.ए.एस. रोज कित्येक ग्रॅम गिळावे लागे. त्याने मळमळ होई, पोट बिघडे. 'औषध वेळेवर घ्या' हे सांगणे सोपे होते. महिनोन्महिने ते घेणे सोपे नव्हते.

६/१५
आता भारताकडे वळू. क्षयावरचा तोवरचा मान्य इलाज म्हणजे आरोग्यधाम : स्वच्छ हवा, सकस आहार, दीर्घ विश्रांती. पाचगणी, मिरज, मदनपल्ली ही नावे त्यासाठी ख्यात होती. पण देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी होत्या. पुण्याजवळ पिंपरीला १९५५पासून पेनिसिलिनचे देशी उत्पादन सुरू झाले होते. मात्र औषध कारखान्यात तयार होणे वेगळे आणि ते नेमाने रुग्णाच्या पोटात जाणे वेगळे.

७/१५
१९५६मध्ये मद्रासमध्ये 'ट्युबरक्युलॉसिस केमोथेरपी सेंटर' स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा हा संयुक्त उपक्रम होता. पहिल्या वर्षांत त्याचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. प्रश्न साधा, पण धाडसी होता : गरीब रुग्ण दाटीवाटीच्या घरातच राहून औषधावर बरा होऊ शकेल काय?

८/१५
१९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी झाली. काही आरोग्यधामात गेले, काही घरीच राहिले. औषधे दोघांनाही तीच : वर्षभर आयसोनायझिड आणि पी.ए.एस. आरोग्यधामात चांगले अन्न, खाट आणि परिचारिकेची नजर होती. घरी अपुरे अन्न, एकाच खोलीत सारे कुटुंब आणि कामावर परतण्याची निकड.

९/१५
घर आणि केंद्र यांना जोडणारा दुवा म्हणजे परिचारिका आणि 'हेल्थ व्हिजिटर'. रुग्ण ठरलेल्या दिवशी येऊन औषध नेई. मधल्या काळात त्या पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेले औषध मोजत आणि लघवीचा नमुना घेत. त्यात फेरिक क्लोराइड मिसळले की पी.ए.एस. घेतले आहे की नाही, हे रंगावरून कळे.

१०/१५
पण मोजणी हे अर्धेच काम होते. खरी अडचण अशी, की काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते आणि नेमके तेव्हाच औषध सुटते. गुण आला म्हणून औषध थांबते आणि थांबले म्हणून रोग उलटतो. शरीरात उरलेल्या, न दिसणाऱ्या जंतूंविषयी रुग्णाला आणि घरच्यांना पटवून देणे, त्रास होत असेल तर तो ऐकून घेऊन डॉक्टरांपर्यंत पोचवणे, हे शिक्षणाचे काम होते.

११/१५
निष्कर्ष १९५९मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीस आरोग्यधामातील ९२ टक्के, तर घरी राहिलेल्या ८६ टक्के रुग्णांचा रोग जंतुतपासणीच्या कसोटीवर शमलेला होता. सकस आहार आणि सक्तीची विश्रांती यांवाचूनही औषध काम करते, हे सिद्ध झाले. पुढील पाहणीत असेही दिसले की, उपचार सुरू असलेला रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबीयांचा धोका आरोग्यधामातील रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा वाढला नव्हता. आरोग्यधामांचे युग इथून ओसरू लागले.

१२/१५
फॉक्स यांनी १९५८मध्येच स्वतः औषध घेण्याच्या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. प्रश्न केवळ 'अडाणी' रुग्णांचा नाही. औषध नेमाने कोण घेईल आणि कोण सोडील, हे चेहरा, शिक्षण किंवा ऐपत पाहून सांगता येत नाही, हा या अनुभवाचा मोठा धडा होता. चुकणे ही माणसाची रीत आहे. म्हणून रुग्णाला दूषणे देण्यापेक्षा ती चूक गृहीत धरणारी व्यवस्था उभारावी लागते.

१३/१५
त्या व्यवस्थेचा पुढचा टप्पाही मद्रासचाच. १९६०च्या दशकात तिथे आठवड्यातून दोनदा, कर्मचाऱ्यांच्या समक्ष औषध देण्याची पद्धत यशस्वी ठरली. जास्त मात्रेच्या आयसोनायझिडमुळे काहींच्या हातापायांना मुंग्या येत. ब-६ जीवनसत्त्वाच्या अल्प मात्रेने ते टळते, हेही तिथे दिसले. १९९०च्या दशकात जगभर 'डॉट्स' या नावाने पसरलेल्या समक्ष उपचाराची मुळे या कामात आहेत.

१४/१५
व्यवस्था नसेल तर काय होते, याचे उत्तर मुंबईने दिले. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. २०११च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि प्रत्येक अपुऱ्या उपचारात जंतू तेवढे शहाणे होत गेले.

१५/१५
फ्लेमिंग यांच्या गोष्टीतला गृहस्थ म्हणूनच पुन्हा आठवावा. त्याच्याकडे औषध होते. पण किती दिवस, कशासाठी आणि बरे वाटल्यावरही का, हे सांगणारे कुणी त्याच्या दारी आले नव्हते. मद्रासच्या अरुंद गल्ल्यांत ते माणूस आले. प्रतिजैविकांच्या इतिहासात शोधकर्त्यांची नावे कोरली गेली. गोळ्या मोजणाऱ्या आणि त्या का घ्यायच्या हे दर खेपेस नव्याने सांगणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र क्वचितच सापडतात. औषधाची धार टिकली, तिथे ती बरीचशी त्यांच्यामुळे टिकली.